टाकीतला ऊस आणि सांगलीचा अपक्ष

(दृश्य : पहाट. साखर कारखान्याचं आवार. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग. इंजिनांचा आवाज.)

कृष्णाकाठी गाळप हंगाम सुरू झाला की रस्ते उसाचे होतात. ही रांग रात्रीपासून लागली आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मधूनच एखादी बैलगाडी, आणि सगळ्यांना गाठायचाय तो काटा. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकं वजन घटतं, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण पडतं. म्हणून या रांगेत थांबणं प्रत्येकाच्या जिवावर येतं.

(दृश्य : उसाचा फड. कोयते, मोळ्या बांधणारे हात, बांधावर झोळी. निवेदन नाही, फक्त फडातले आवाज.)

(दृश्य : गव्हाण. क्रेननं उचललेला ऊस.)

वजन झालं की ऊस गव्हाणीत पडतो. पात्यांखाली त्याचे तुकडे होतात आणि एकामागून एक रोलर तो पिळत जातात. रस एकीकडे, चिपाड दुसरीकडे. चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्याच वाफेवर हा सगळा कारखाना चालतो. रस स्वच्छ करून, आटवून पॅनमध्ये शिजवला की दाणा धरतो. दाणा काढून घेतला की मागं उरते ती मळी.

आपली गोष्ट या मळीपासून सुरू होते. तिच्यापासून होणारं इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, आणि त्याबद्दल सभागृहात विचारू शकणारा सांगलीचा अपक्ष खासदार, अशी ही गोष्ट.

पहिल्या फेरीतल्या मळीत अजून बरीच साखर असते. ती पुन्हा शिजवतात, पुन्हा दाणा काढतात. मग उरते ती बी हेवी. तिसऱ्या फेरीनंतर राहते ती सी हेवी. काळी, घट्ट, जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही. पूर्वी आसवनीच्या, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या विभागाच्या, वाट्याला एवढीच यायची. एक टन उसाच्या सी हेवी मळीतून साधारण दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. दुसऱ्या फेरीलाच थांबून बी हेवी वापरली तर वीसेक लिटर. आणि साखर न करता सगळा रसच वळवला तर जवळपास सत्तर लिटर. त्याच उसाची साखर किती करायची आणि इंधन किती, हे पूर्वी कारखान्यात ठरायचं. आता ते दिल्लीत ठरतं.

(दृश्य : आसवनी. उघड्या फर्मेंटरमध्ये उसळणारा फेस.)

हा फेस यीस्टचा. मळी पाण्यात पातळ करून त्यात यीस्ट सोडलं की ते साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. या टाकीतल्या द्रावात अल्कोहोलचं प्रमाण आठ ते बारा टक्क्यांच्या घरात असतं. त्यापुढे यीस्ट स्वतःच तग धरत नाही.

(दृश्य : उंच स्तंभ, पाइप, वाफ. कॅमेरा खालून वर.)

हे स्तंभ उर्ध्वपातनाचे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. या फरकावर दोघांना वेगळं करायचं. पण साधारण ९५ टक्क्यांवर गाडी अडते. अल्कोहोल आणि उरलेलं पाणी एकत्रच उकळू लागतं, कितीही वेळा उकळलं तरी सुटत नाही. ते शेवटचं पाणी काढण्यासाठी वाफ बारीक छिद्रांच्या खड्यांमधून सोडतात. पाण्याचे रेणू त्या छिद्रांत अडकतात, अल्कोहोलचे मोठे रेणू पुढे निघून जातात. बाहेर येतं ते ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल. पेट्रोलमध्ये चालतं ते हेच, कारण पाणी राहिलं तर टाकीत थर वेगळे होतात.

(दृश्य : टँकर भरताना. सील लावणारा कर्मचारी. टँकर फाटकाबाहेर.)

इथून टँकर तेल कंपन्यांच्या डेपोत जातो. तिथं ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि पुढचा प्रवास तुमच्या-आमच्या टाकीपर्यंत.

(दृश्य : मिरज. रेल्वे जंक्शन, मालगाडीच्या टाक्या.)

मिरज. इथेनॉलच्या इतिहासात या गावाचं नाव पहिल्या पानावर आहे, आणि ते सांगली जिल्ह्यातल्या शाळेतसुद्धा कुणी शिकवत नाही. २००१ मध्ये केंद्र सरकारनं पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून पाहायचं ठरवलं. प्रयोगासाठी देशात तीन जागा निवडल्या. उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला, आणि महाराष्ट्रात मनमाड अन् मिरज. प्रयोग जमला. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं.

सुरू झालं, आणि रखडलं. मळी कमी पडली, दर जमले नाहीत. दहा वर्षांनंतर, २०१३-१४ मध्ये, देशाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल होतं जेमतेम दीड टक्का. मग सरकारनं दर स्वतः ठरवायला सुरुवात केली. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं बी हेवी मळी आणि उसाचा रस वापरायला वाट मोकळी केली, आणि सरकारनं आसवन्या उभारायला व्याजात सवलत दिली. कारखान्यांनी कर्जं काढली. तुम्ही आत्ता पाहिलेले नवे स्तंभ त्याच काळातले. जून २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. २० टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट २०३० सालचं होतं.

(दृश्य : कोरडा ओढा, वाळलेला ऊस. २०२३ च्या पावसाळ्यातली दृश्यं.)

२०२३ मध्ये पावसानं ओढ दिली. साखर कमी होणार, भाव चढणार आणि लोकसभा तोंडावर. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश आला : उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. गाळप हंगाम सुरू होऊन महिना उलटलेला होता. ज्यांनी रसावर चालणाऱ्या आसवन्या बांधल्या, त्यांच्या टाक्या भरल्या होत्या, करार झाले होते. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, आदेश थोडा सैल झाला. १७ लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवायला परवानगी मिळाली. पूर्ण बंदी उठली ती पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ अखेरीस.

या निर्णयावर ऊसपट्ट्यातल्या किती खासदारांनी तोंड उघडलं? सत्तेतल्या पक्षाच्या खासदाराला आपल्याच सरकारला विचारायचं नसतं. विरोधातल्याच्या पक्षाची शहरात वेगळी भूमिका, गावात वेगळी. साखर महागली की शहर ओरडतं, आणि कोणत्याही पक्षाला शहर दुखवायचं नसतं.

(दृश्य : सांगली. गणपती मंदिराचा परिसर, चौकातले झेंडे, प्रचारफेरी.)

त्या आदेशानंतर पाच महिन्यांनी, ७ मे २०२४ ला, सांगलीनं मतदान केलं. महाविकास आघाडीत ही जागा काँग्रेसला मिळाली नाही. ती शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली आणि पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं लिफाफा. ४ जूनला निकाल लागला तेव्हा त्यांनी भाजपच्या संजयकाका पाटलांना सुमारे एक लाख मतांनी हरवलं होतं. देशभरात त्या निवडणुकीत अपक्ष निवडून आले फक्त सात. १९५७ च्या लोकसभेत ते ४२ होते.

हे मत इथेनॉलसाठी पडलं असं म्हणणं खोटं ठरेल. ते तिकिटाच्या रागाचं होतं, घराण्याच्या आठवणीचं होतं. पण निकालानं एक गोष्ट घडली. इथेनॉलचा पहिला प्रयोग जिथं झाला, त्या जिल्ह्याचा खासदार कोणत्याही पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला नाही.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. सभा, ऊस परिषद, जयसिंगपूर.)

या पट्ट्याला अपक्ष नवे नाहीत. १९९५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष आले आणि युतीचं सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. २००४ मध्ये ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी शिरोळमधून अपक्ष आमदार झाले. २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिकांनी पक्षानं डावलल्यावर कोल्हापुरातून अपक्ष लोकसभा जिंकली. २०१९ मध्ये इचलकरंजीतून प्रकाश आवाडे, शिरोळमधून राजेंद्र पाटील यड्रावकर.

यातले बरेच जण साखर कारखान्यांशी जोडलेले. विशाल पाटील स्वतः सांगलीच्या वसंतदादा कारखान्याचे अध्यक्ष राहिले आहेत. तो कारखाना २०१७ पासून भाडेतत्त्वावर खासगी कंपनी चालवते. म्हणजे हे अपक्ष उसाच्या अर्थकारणाबाहेरून आलेले नाहीत. मला यात दोष दिसत नाही. बी हेवी आणि सी हेवीतला फरक ज्याला चिठ्ठी न पाहता सांगता येतो, असा माणूस सभागृहात हवाच. त्यानं कारखान्याच्या बाजूनं बोलायचं की उसाच्या बाजूनं, हे मात्र मतदारानं विचारत राहायला हवं.

(दृश्य : संसद भवन, बाहेरून.)

अपक्षाला सभागृहात काय करता येतं? चर्चेची वेळ पक्षांच्या संख्येवर वाटली जाते, त्यामुळे त्याच्या वाट्याला येतात ती काही मिनिटं. निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानुसार त्याची जागा जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो, तसा विशाल पाटलांनी काँग्रेसला दिला आहे. पण त्याच्यावर कोणाचा व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, चालत नाही.

आणि प्रश्नोत्तराचा तास आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न घेतात, ज्यांची उत्तरं मंत्र्याला उभं राहून द्यावी लागतात. हे प्रश्न सोडतीनं निघतात. सोडत पक्ष पाहत नाही. तीनशे खासदारांच्या पक्षाचा सदस्य आणि एकटा अपक्ष, दोघांची चिठ्ठी सारखीच. उसाच्या इंधनाबद्दल विचारायची याहून चांगली जागा देशात दुसरी नाही.

(दृश्य : पेट्रोल पंप. नोझल, फिरणारे आकडे, दुचाकींची रांग.)

आज वाद पंपावर येऊन पोचला आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, ६ ते ७ टक्के घटू शकतं, दुचाकींचं ३ ते ४ टक्के. बिनमिश्रणाच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. सुनावणीत सरकारच्या बाजूनं दाखला दिला गेला तो ऊस उत्पादकांच्या फायद्याचा.

तो फायदा आता तपासून पाहू.

(दृश्य : शेतकऱ्याच्या हातात ऊसबिलाची पावती, जवळून.)

२०२२-२३ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३०५० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ३४०० झाला. हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला. त्याच तीन वर्षांत रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, तिथंच राहिला. कच्चा माल महागला, पक्क्या मालाचा भाव गोठला. अशा वेळी कारखाना हात आखडतो आणि पहिली अडकते ती एकरकमी एफआरपी.

दुसरी गोष्ट वाट्याची. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी इथेनॉलची जी मागणी वाटली, तिच्यात ऊस आणि मळीचा वाटा आहे सुमारे २८ टक्के. सगळ्यांत मोठा वाटा मक्याचा. मका पिकवणाऱ्यालाही भाव मिळायला हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या ऊस उत्पादकाचं नाव घेऊन न्यायालयात आणि जाहिरातीत ई-२० चं समर्थन होतं, त्याच्या उसाला टाकीत पावपट जागा आहे, हे मंत्र्यांच्या तोंडून सभागृहाच्या कामकाजात नोंदवलं गेलं पाहिजे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उत्पादकाचा धरला आहे. उपपदार्थ म्हणजे मळी, चिपाड आणि प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ. त्या मळीचं पुढं इथेनॉल होऊन जे मिळतं त्यातही वाटा हवा, ही शेतकरी संघटनांची मागणी. ती रास्त आहे.

(बाइट : ऊस उत्पादक, वाळवा तालुका.)

(बाइट : दुचाकीस्वार, मिरज.)

(दृश्य : जत तालुका. टँकर, हंड्यांची रांग.)

पाण्याचाही प्रश्न आहे. निती आयोगाच्याच अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी धरलं आहे, आणि दुष्काळी जत याच जिल्ह्यात आहे. आसवनीतून अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतं, ते जाळावं किंवा जिरवावं लागतं.

(दृश्य : पुन्हा पेट्रोल पंप. गर्दी.)

तेव्हा सांगलीच्या आणि सांगलीसारख्या प्रत्येक ऊसपट्ट्यातल्या खासदाराकडे, आणि ज्याच्यावर व्हिप नाही त्याच्याकडे आधी, मागणी सरळ आहे. एफआरपी वाढते तेव्हा इथेनॉलचा दर का वाढत नाही? हंगाम सुरू झाल्यावर धोरण बदलणार नाही, अशी हमी सरकार देणार का? उसाचा वाटा २८ टक्क्यांवर कोणत्या निकषानं आला? जुन्या गाडीवाल्याला कमी मिश्रणाचा पर्याय पंपावर का नको? यांतला प्रत्येक प्रश्न एका तारांकित नोटिशीत मावतो. नोटीस किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. इथेनॉलचं पुरवठा वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं आणि संसदेचं हिवाळी अधिवेशनही साधारण त्याच सुमारास, म्हणजे प्रश्न लिहायची वेळ दिवाळीच्या आसपासची.