घर कुठून दिसायचं?

(चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

विकलेल्या, पाडलेल्या किंवा सोडून आलेल्या घराचं चित्र काढून मागायला जी माणसं येतात, त्यांच्या हातात बहुतेक वेळा एक फोटो असतो. घर समोरून, सरळ, मधोमध. कुणीतरी मुद्दाम लांब जाऊन काढलेला, कधी तर घर विकायच्या वेळी जाहिरातीसाठी काढलेला. ‘हेच हुबेहूब काढून द्या,’ असं ती म्हणतात. तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे, की तो फोटो जपून बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा : तुम्ही घरी यायचात, तेव्हा घर आधी कुठून दिसायचं?

उत्तर यायला वेळ लागतो. मग हात हलायला लागतात. इथे वळण, इथे झाड, झाडामागून आधी छपराचा कोपरा, मग जिन्याची खिडकी आणि दार अगदी शेवटी. खरेदीला आलेला माणूस घरासमोर मधोमध उभा राहून ते पारखतो. घरचा माणूस तिरका येतो, बाजूच्या फाटकातून येतो, मागच्या दारानं आत जातो. समोरच्या फोटोवरून काढलेलं चित्र अगदी बरोबर असूनही घरच्यांना परकं वाटतं, ते यामुळे. रंगात किंवा रेषेत चूक शोधून तिथे काही हाती लागत नाही.

दुसरा प्रश्न : तेव्हा तुम्ही केवढे होतात? ही भावुकता नव्हे, हा पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे यथार्थदर्शनाचा, हिशेब आहे. क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, ७ वर्षांच्या मुलाचे १.१ मीटरच्या आसपास. व्हरांडा जमिनीपासून सव्वा मीटर उंच असेल तर मोठ्याला त्याची फरशी दिसते, मुलाला तिची फक्त कड दिसते. भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत, एक म्हणतो घर बुटकं होतं, दुसरी म्हणते केवढं उंच होतं, तेव्हा कुणाला खोटं पाडू नका. दोघांची क्षितिजरेषा वेगळी आहे. कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, ते चित्र मागणाऱ्यानं ठरवायचं. पण ठरवायचं नक्की, कारण दोन उंचींची सरासरी काढून केलेलं चित्र दोघांनाही आपलं वाटत नाही.

आता जिथून फोटोच नाही, तिथून घर कसं काढायचं? इथे मोजमापाशिवाय गत्यंतर नाही, आणि या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून हातानं नकाशा काढायला सांगा. एकमेकांचा बघू देऊ नका. मग ज्यांचा विषय घर नाही, असे फोटो मागवा. वाढदिवस, गटाचे फोटो, पायरीवर बसलेलं मूल. मागे अर्धी खिडकी असते, कठडा असतो, दाराची चौकट असते. दार साधारण २ मीटरचं, पायरी १५ ते १८ सेंटिमीटरची, विटांचे थर मोजता येतात. एवढ्यावरून भिंतीची उंची निघते. भिंतीचे कर्ण काढले की ते छेदतात तो बिंदू पर्स्पेक्टिव्हमध्येही भिंतीचा मध्य असतो, म्हणजे खिडक्यांच्या जागा पडताळता येतात. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच वाइड, म्हणजे रुंद देखावा टिपणारा, असतो, त्यात जवळचा कोपरा फुगतो आणि लांबची भिंत पळते. कॅमेरा वर उचलून काढलेल्या फोटोत उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. हे सगळं आधी सरळ करायचं, नकाशावर बसवायचं आणि मग त्या वळणावर उभं राहून नवीन यथार्थदर्शन मांडायचं.

जुन्या रंगीत फोटोतल्या रंगांवर मात्र विसंबू नका. १९८० पूर्वीच्या बऱ्याच प्रिंटांमध्ये निळसर, म्हणजे सायन, रंगद्रव्य अंधारात ठेवूनही आधी विरतं आणि सगळा फोटो तांबूस होतो. पिवळी भिंत नारिंगी दिसते, पानं तपकिरी होतात. फोटोत खात्रीनं पांढरं असलेलं काहीतरी शोधा आणि त्यावरून अंदाज बांधा. रंगाचं नाव विचारण्यापेक्षा कागदावर रंगाचे तुकडे रंगवून पुढे ठेवा. माणूस बरोबर तुकड्यावर बोट ठेवतो.

उन्हाचीही झडती घ्या. ‘संध्याकाळी दारात ऊन यायचं’ असं कुणी सांगतं आणि नकाशा म्हणतो दार पूर्वेला. अशा वेळी आठवण फेकून देऊ नका. बहुतेकदा ती मागच्या दाराची निघते, आणि चित्र कुठल्या बाजूनं काढायचं, हेही तिथेच कळून जातं.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८१६ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्समधल्या विव्हनहो पार्क या इस्टेटीचं चित्र मालकांच्या मागणीवरून केलं. ते जरूर बघा. त्यात घर लहानसं आहे, दूर, झाडांच्या आड. पुढे तळं, गुरं, कुरण. मालकांना आणखी बरंच काही हवं होतं : हरणांसाठीचं घर आणि गाढवाची गाडी हाकणारी त्यांची मुलगी. ते मावेना, म्हणून कॉन्स्टेबलनं कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. एका नजरेत मावणार नाही इतका रुंद देखावा त्यानं एकत्र आणला, तरी तो खरा वाटतो, कारण त्या जागेत राहणारा माणूस मान वळवत वळवतच ती बघत असतो.

त्याहून मला जवळचं वाटतं ते त्याचं १८१५ मधलं काम. ईस्ट बर्गहोल्ट या गावी वडिलांच्या घराच्या मागच्या वरच्या खिडकीतून त्यानं दोन चित्रं केली, एक फुलबागेचं, एक भाजीच्या मळ्याचं. त्याच वर्षी त्याची आई गेली होती, पुढच्या वर्षी वडील गेले आणि नंतर घरही विकलं गेलं. या दोन चित्रांत घर दिसतच नाही, घरातून जे दिसायचं ते दिसतं. ज्या घराचा एकही धड फोटो उरलेला नाही, त्याच्यासाठी हा रस्ता मोकळा आहे : खिडकीची चौकट घ्या आणि बाहेरचं काढा. बाहेरचं बऱ्याचदा अजून जागेवर असतं, तिथे जाऊन रेखाटता येतं. चित्र मागणाऱ्यासमोर हा पर्याय ठेवायला संकोचू नका.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. जागा थोडी सरकवायची असेल, फाटकाजवळचं झाड चौकटीत आणायचं असेल, तर हरकत नाही, कॉन्स्टेबलनंही केलं. पण साल सरकवत नाही. नंतर बांधलेली खोली आणि त्या खोलीसाठी तोडलेलं झाड एका चित्रात येणार नाही. घर दरवर्षी बदलत असतं, त्यात राहणारी माणसंही बदलतात. साल ठरलं की पुढचं भराभर सुटतं : भिंतीचा रंग कोणता, वेल कुठपर्यंत चढली होती, वरच्या खोलीत कोण झोपायचं आणि म्हणून कोणती खिडकी उघडी काढायची. घरात साल ठरवण्यावरून वाद होतो. होऊ द्या. तो मिटेपर्यंत कॅनव्हासला हात लावू नका. आणि कच्च्या रेखाटनावर होकार घेतल्याशिवाय रंग काढू नका.

रंग टिकाऊच घ्या. अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल रंग उन्हात फिका पडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन हे टिकाऊ रंगद्रव्य असलेला लाल वापरा. चित्राच्या मागे साल, वेळ आणि उभं राहिल्याची जागा लिहा. नकाशाची स्वच्छ प्रतही चित्राबरोबर द्या. तिच्यावर घरातली माणसं नंतर आपापल्या खुणा करतात, आणि पुढचं चित्र मागायला येतात तेव्हा ती घेऊनच येतात.