चार्जिंगला लावताना घड्याळ उलटं वाचा

नमस्कार मंडळी. नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात जी सवय लागते ती पुढे आठ वर्षं टिकते, म्हणून आज त्या सवयीबद्दलच बोलू. बहुतेक घरांत संध्याकाळी गाडी आली की प्लग लावायचा आणि सकाळी काढायचा असं चालतं. मोबाइलचं तसंच करतो, गाडीचंही तसंच. मोबाइल आपण तीन वर्षांत बदलतो. गाडीची बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च काही लाखांत जातो.

लिथियमची बॅटरी दोन वाटांनी म्हातारी होते. एक वापराने, म्हणजे भरणं आणि रिकामं होणं. दुसरी नुसती बसून. सगळ्यांचं लक्ष पहिल्या वाटेकडे असतं, पण रोज तीस-चाळीस किलोमीटर धावणारी गाडी चोवीस तासांतले बावीस तास उभीच असते. तिचं म्हातारपण मुख्यतः दुसऱ्या वाटेने येतं.

आत काय घडतं तेही पाहू. सेलच्या ऋण बाजूला ग्राफाइट असतं. बॅटरी भरते तसं लिथियम या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतं. ग्राफाइट आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला लिथियम वाहून नेणारा द्रव, जिथे भेटतात तिथे एक अगदी पातळ पापुद्रा तयार झालेला असतो. तो हवाच, कारण तो नसेल तर इलेक्ट्रोलाइटचं सतत विघटन होत राहील. पण हा पापुद्रा हळूहळू जाड होतो आणि जाड होताना लिथियम खातो. खाल्लेलं लिथियम परत मिळत नाही. आपण ‘रेंज कमी झाली’ म्हणतो त्यात मोठा वाटा याचा असतो. ग्राफाइट जितकं ठासून भरलेलं, तितका पापुद्रा वेगाने वाढतो. आणि उष्णता वाढली की आणखी वेगाने. ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअसला या झिजेचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे बॅटरीला खरा त्रास होतो तो भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत घालवलेल्या तासांचा.

हे तास मोजून पाहा. बॅटरी ४५ युनिटांची, भिंतीवरचा चार्जर ७.२ किलोवॉटचा. संध्याकाळी ७ वाजता गाडी ५० टक्क्यांवर घरी आली आणि लगेच प्लग लावला. साडेबावीस युनिटं बॅटरीत जायची, चार्जिंगमधली घट धरून मीटरवर २५. साडेतीन तासांत काम झालं, साडेदहाला गाडी १०० टक्के. तुम्ही निघणार सकाळी साडेआठला. दहा तास ती काठोकाठ भरून उभी. रोजचे दहा म्हणजे वर्षाचे ३,६५० तास, म्हणजे पाच महिने. तेच चार्जिंग पहाटे ४ ते साडेसातला झालं तर वर्षाचे जेमतेम ३६५ तास उरतात. युनिटं तेवढीच, बिल तेवढंच, फक्त घड्याळ बदललं.

म्हणून नेहमी निघण्याच्या वेळेपासून मागे मोजा. किती टक्के भरायचेत ते बॅटरीच्या क्षमतेने गुणा. आलेल्या युनिटांना ०.८८ ने भागा, ही घट. मग चार्जरच्या किलोवॉटने भागा. ४५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायचं आहे, बॅटरी ४० युनिटांची: १४ युनिटं हवीत, मीटरवर १६. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर प्रत्यक्षात ३.२ किलोवॉटच्या आसपास मिळतात, म्हणजे पाच तास. साडेआठला निघायचं तर साडेसातला संपवा, अडीचला सुरू करा. मधला एक तास वीज गेली तर म्हणून राखून ठेवा. आणि रात्री गाडी ३० टक्क्यांच्या खाली आली असेल तर वाट न पाहता आधी ४० पर्यंत भरून घ्या, उरलेलं पहाटेवर सोडा. अडीअडचणीला रात्री दवाखाना गाठता आला पाहिजे. बॅटरी त्यापेक्षा मोठी नाही.

पहाटेचा दुसरा फायदा तापमानाचा. बॅटरी हा काहीशे किलोचा ठोकळा आहे. दिवसभर उन्हात राहून, तापलेल्या डांबरावरून धावून ती घरी येते, आणि चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी सावकाश निवते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपार ४५ अंशांपर्यंत जाते, पहाट तिशीच्या आसपास उतरते. तिथे रात्री २ नंतरच चार्जिंग सुरू करा आणि गाडी छपराखाली लावा. पुण्या-मुंबईत तळघरातलं पार्किंग असेल तर हा मुद्दा थोडा सौम्य होतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ‘हळू चार्ज केलं की बॅटरी जास्त टिकते’ म्हणून काही जण करंट ६ अँपिअरवर आणून ठेवतात. घरच्या पातळीवर त्याचा उपयोग नाही. ४५ युनिटांच्या बॅटरीला ७.२ किलोवॉट म्हणजे तासाला तिच्या क्षमतेचा सहावा हिस्सा. तिला ते जाणवतही नाही. उलट चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतला चार्जर, पंप, संगणक जागे राहतात आणि साधारण २००-३०० वॉट खातात. ७.२ किलोवॉटमध्ये अडीचशे वॉट म्हणजे साडेतीन टक्के. ६ अँपिअरवर, जेमतेम १.४ किलोवॉटमध्ये, तेच १८ टक्के होतात. ‘घरी मंद, रस्त्यावर जलद’ एवढा फरक पुरे. घरातल्या घरात आणखी मंद करण्यात नुसती वीज जाते.

आता मर्यादा किती ठेवायची. इथे बॅटरीची जात बघावी लागते. आपल्याकडे दोन जाती आहेत. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची, नेक्सॉन ईव्ही किंवा बीवायडी अ‍ॅटो ३ मध्ये असते ती. आणि एनएमसी, निकेल-मँगनीज-कोबाल्टची, ह्युंदाई कोनामध्ये होती ती. तुमच्या गाडीत कोणती आहे ते विक्रेत्याला विचारून पुस्तिकेवर लिहून ठेवा.

एनएमसी असेल तर रोजची मर्यादा ७० ते ८० टक्के, आणि १०० फक्त लांबच्या प्रवासाला. यात फारसा वाद नाही.

एलएफपीबद्दल मात्र गोंधळ आहे. ‘हिला १०० टक्केच आवडतं’ असं सर्रास सांगितलं जातं. आवडत नाही. भरलेल्या अवस्थेत एलएफपीही लवकर झिजते, एनएमसीपेक्षा सोशिक असते इतकंच. कंपन्या अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात त्याचं कारण मोजमाप आहे. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट असतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून ओळखणं गाडीला अवघड जातं. ती आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशेब ठेवत अंदाज बांधते, आणि वहीतली छोटी चूक दिवसेंदिवस साठत जाते. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज एकदम चढतं, तिथे गाडीला खूण सापडते आणि हिशेब जुळतो. त्याच वेळी पुढे गेलेले आणि मागे राहिलेले सेल एका पातळीवर आणले जातात. तेव्हा एलएफपीला रोज ७०-८०, आणि आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पूर्ण १००. पुस्तिकेत ठरावीक मुदत दिली असेल तर ती पाळा.

या शंभराच्या दिवशी एक चूक हमखास होते. वेळापत्रकात बंद होण्याची वेळ ७ टाकलेली असते, गाडी ९८ टक्क्यांवर पोचते आणि चार्जिंग तुटतं. शेवटचे दोन-तीन टक्के करंट उतरत जातो, सेल जुळवण्याचं काम तिथेच चालतं, आणि त्याला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. दर आठवड्याला ते अर्धवट राहिलं की काही महिन्यांनी १८ टक्के दाखवणारी गाडी बघता बघता ८ वर येते, आणि मालक म्हणतो बॅटरी खराब झाली. बहुतेकदा हिशेब चुकलेला असतो. त्या दिवशी बंद होण्याची वेळ काढून टाका, गाडीला स्वतःहून थांबू द्या.

काही गाड्यांत टक्क्यांची मर्यादा घालण्याची सोयच नसते. तिथे तासांनी मर्यादा घाला, मघाचा हिशेब वापरून. पाच-सात टक्क्यांचा फरक पडेल, चालतो.

वेळापत्रक कुठे लावायचं? गाडीत किंवा भिंतीवरच्या चार्जरमध्ये, पण एकाच ठिकाणी. दोन्हीकडे लावलं की एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही आणि सकाळी गाडी आहे तिथेच. शक्य असेल तर गाडीतच लावा, कारण काही गाड्या प्लग लावून तासन्‌तास वीज मिळाली नाही की झोपी जातात आणि चार्जरने पहाटे हाक मारली तरी उठत नाहीत. बाजारातला स्वस्त स्मार्ट प्लग मात्र वापरू नका. गाडी आणि चार्जर यांच्यात एक संदेशाची तार असते. थांबायचं असेल तर आधी गाडी करंट शून्यावर आणते, मग चार्जरमधला संपर्क सुटतो. स्मार्ट प्लग हे काही विचारत नाही, भर करंटमध्ये वीज तोडतो. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते, आणि एक दिवस त्याचे संपर्क चिकटून बसतात.

पहाटे चार्जिंग म्हणजे घर झोपलेलं असताना चार-पाच तास पूर्ण लोड. म्हणून वायरिंगबद्दल कडक राहा. १५ अँपिअरच्या प्लगसाठी थेट बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरच्या चार्जरसाठी किमान ६, अंतर लांब असेल तर १०. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवी, आणि ती ‘ए’ प्रकारची. साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला गाडीच्या चार्जरमधली काही प्रकारची गळती दिसत नाही. अर्थिंग तपासताना वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, पाचाच्या वर गेलं तर दोष शोधायचा. अनेक गाड्या याच कारणाने मध्यरात्री चार्जिंग सोडतात. पहिल्या दिवशी तासभर चार्ज झाल्यावर बंद करा आणि प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर आत स्क्रू सैल आहे. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. आणि घराचा मंजूर भार ३ किलोवॉट असताना ७.२ चा चार्जर बसवू नका, आधी भार वाढवून घ्या.

विजेच्या दराचं चित्र मध्यंतरी पालटलंय. रात्रीची वीज स्वस्त, हे जुनं गणित. २०२३ च्या केंद्राच्या नियमांपासून दिवसाच्या सौर तासांत दर कमी ठेवण्याकडे कल आहे, आणि महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत ठेवली. दिवसा गाडी घरीच असेल, पार्किंग सावलीत असेल, तर दुपारी चार्ज करायला हरकत नाही, पण मर्यादा ७० वर आणा, कारण मग ती दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच उभी राहणार. उघड्या पार्किंगमध्ये उन्हाळ्यात हा मोह टाळा. रोजच्या सहा-सात युनिटांवरची सवलत त्या उष्णतेची भरपाई करत नाही.

घाटाखाली राहणाऱ्यांसाठी आणखी एक. महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलवर रात्री १०० टक्के भरून सकाळी पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरू नका. उतारावर गाडीचा वेग आवरताना मोटरच वीज तयार करते, पण भरलेल्या बॅटरीत ती घ्यायला जागा नसते, गाडी ती घेणं बंद करते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ वर थांबा. खाली वाईत पोचेपर्यंत काही टक्के फुकट मिळतील.

प्रश्न आला आहे: मे महिन्यात महिनाभर गावी जातो, गाडी पुण्यात राहते, प्लग लावून ठेवू का? नको. ५० टक्क्यांवर आणा, प्लग काढा, सावलीत लावा. गाडीचं मोबाइल अ‍ॅप रोज उघडून टक्के पाहू नका. प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि बोनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. परत आल्यावर गाडी उघडतच नाही ती बहुधा त्या छोट्या बॅटरीमुळे. एलएफपी असेल तर आल्या आल्या एकदा पूर्ण १०० करून हिशेब जुळवून घ्या, मग पुन्हा रोजचं पहाटेचं वेळापत्रक चालू.