दोन चौकटींमधले अंतर

विज्ञानकथेच्या वेबकॉमिकचा, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेचा, एक भाग वाचायला दोन-तीन मिनिटे पुरतात. तो घडवताना मात्र लेखक, चित्रकार, रंगकार आणि फुग्यांत संवाद बसवणारा लेटरर यांची कामे एकमेकांत अशी गुंतलेली असतात की, एकाने बदललेली ओळ दुसऱ्याचा आठवडा खाते. कधी ही सगळी कामे एकच माणूस करतो, बहुधा दोघे-तिघे वाटून घेतात. आपण पाहणार आहोत तो प्रामुख्याने लेखक आणि चित्रकार यांच्यातला व्यवहार, कारण या प्रकारात कथेचे पुष्कळसे निर्णय चित्र काढताना होतात.

पटकथा दोन प्रकारे लिहिली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चौकटीत काय दिसावे आणि कोण काय बोलते हे लेखक तपशिलाने लिहून देतो. दुसऱ्या प्रकारात तो केवळ कथासार देतो, चित्रकार त्यावरून पानांची मांडणी करतो आणि संवाद सर्वांत शेवटी लिहिले जातात. 1960 च्या दशकात अमेरिकेत लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी याच दुसऱ्या रीतीने काम करत असत, आणि तिला पुढे प्रकाशनसंस्थेच्या नावावरून ‘मार्व्हल पद्धत’ म्हटले जाऊ लागले. या पद्धतीत चित्रकार सहलेखकच असतो; श्रेयनामावलीत मात्र तसे लिहिले जातेच असे नाही, आणि त्यावरून झालेले वाद दशकानुदशके चालले.

आता पडद्यावर दिसते आहे ते एका अंतराळयानाच्या मार्गिकेचे कच्चे रेखाटन आहे. समजा, पटकथेत एवढेच लिहिले आहे की नायिका वळते आणि मार्गिकेच्या टोकाला तिला कोणीतरी उभे दिसते. चित्रकाराचा पहिला प्रश्न असतो तो या यानात माणसे जमिनीवर उभी कशी राहतात, हा. यानाचे प्रचंड चाक स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्याने कडेकडे दाबली जाणारी माणसे कडेच्या आतल्या बाजूला वावरतात, असे लेखक सांगतो, आणि इथून हिशेब सुरू होतो. पृथ्वीवरच्याइतके वजन जाणवायचे असेल आणि चक्कर येऊ नये म्हणून चाकाने मिनिटाला दोनच फेरे घ्यायचे असतील, तर त्याची त्रिज्या सुमारे 224 मीटर हवी. चार फेरे चालणार असतील तर 56 मीटर पुरतात. लेखकाने मोठे चाक निवडले, तरीही मार्गिकेची जमीन सरळ राहत नाही. वीस मीटरवर ती जवळजवळ नव्वद सेंटिमीटर वर आलेली असते आणि पुढे चढतच जाते. जमिनीबरोबरच वळत जाणारे छत अडीच मीटर उंच धरले, तर समोरून येणाऱ्या माणसाची आधी पावले दिसतात, साधारण पन्नास मीटरवर. चेहरा दिसायला तो चाळीसेक मीटरपर्यंत यावा लागतो.

पटकथेत लिहिलेले ‘टोक’ या मार्गिकेला नाहीच. त्याऐवजी नायिकेला छताखालून सरकत येणारे बूट दिसतात, आणि कोण येते आहे हे तिने बुटांवरून ओळखावे की चेहऱ्यासाठी थांबावे, हा कथेचा प्रश्न होऊन बसतो. उत्कंठेची अशी जागा लेखकाला एकट्याने सुचली असती का, याविषयी शंका घेता येते. ती रेखाटनातून निघाली.

दुसरे उदाहरण संवादाचे आहे. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला, ग्रहांच्या स्थितीनुसार, सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. नवखा लेखक हा विलंब पात्रांच्या तोंडून सांगतो, आणि पात्रे एकमेकांना ठाऊक असलेलीच माहिती ऐकवत बसतात. दक्षिण कोरियात रुळलेल्या आणि फोनवर वरून खाली सरकवत वाचायच्या वेबटूनमध्ये याला एक सोपा उपाय आहे. प्रश्नाचा फुगा आला की चित्रकार खाली मोठी रिकामी जागा सोडतो. वाचकाचे बोट सरकत राहते, आणि उत्तर येईपर्यंतचा काळ त्याला हाताने अनुभवावा लागतो. पडद्याला कागदासारखी कड नसते, हे या माध्यमाचे सामर्थ्य अमेरिकन कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 2000 सालीच ‘अमर्याद कॅनव्हास’ या कल्पनेतून मांडले होते. लेखकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, मेहनतीने लिहिलेले चार संवाद गाळावे लागतात. ते गाळायला तयार असलेला लेखक मिळणे ही चित्रकाराच्या नशिबाची गोष्ट आहे.

रंगकाराकडे पान पोहोचते तेव्हा बरेच काही ठरलेले असते, तरी एक बाब त्याच्याच हाती असते. वायुहीन चंद्रावर सावल्या गडद आणि धारदार पडतात, दिवसाही आकाश काळे असते. मंगळाच्या धुळीत प्रकाश विखुरतो आणि सावल्या मवाळ होतात. स्थळाचे नाव न लिहिता ते ओळखू येते ते यामुळे. फ्रान्समध्ये 1967 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘व्हॅलेरियन’ या अंतराळकथेचे लेखक पिएर क्रिस्तँ आणि चित्रकार झाँ-क्लोद मेझिएर सर्वांना ठाऊक असतात; तिचे रंग मेझिएर यांच्या भगिनी एव्हलिन त्रान्ले यांचे होते, हे फार कमी जणांना माहीत असते. 2005 मध्ये छापील अंकांकडून वेबवर आलेल्या ‘गर्ल जीनियस’ या चित्रकथेला 2009 साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा तिचे कर्ते काया व फिल फोग्लिओ यांच्या बरोबरीने रंगकार शायेन राइट यांचेही नाव त्यावर होते.

लेटररचे काम शेवटी होते, पण त्याची जागा पहिल्या रेखाटनातच राखावी लागते. नाहीतर फुगा नेमका त्या बुटांवर येऊन बसतो. राहिला प्रश्न हक्कांचा. पात्रे कोणाची, उत्पन्न कसे वाटायचे आणि एकाने मधेच काम सोडले तर दुसऱ्याला कथा पुढे नेता येईल का, हे पहिला भाग प्रसिद्ध होण्यापूर्वी कागदावर उतरवलेले बरे, कारण शंभराव्या भागाला ते यानही दोघांचे असते आणि त्याची त्रिज्याही.