भाच्याला काय सांगणार?

(जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. वक्ते बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवतात आणि सध्या मुलीकडे जर्मनीत आले आहेत. त्यांच्या बोलण्यातला बेळगावी ठसका जमेल तेवढा ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला होता ‘सीमाभागातील युवकांपुढील आव्हाने’. एवढं मोठं काही मला पेलणार नाही बा. युवक कोण आणि आव्हानं कुठली हे ठरवण्यातच जेवणाची वेळ होईल. म्हणून मी तो माझ्यापुरता लहान करून घेतलाय. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडचा जो पोरगा किंवा पोरगी यंदा दहावीला आहे, तिथून पुढं त्यांचं काय, एवढंच बोलतो. आणि बोलतो ते तुमच्याशी, म्हणजे त्या पोरांच्या परदेशातल्या मामांशी, काकांशी, आत्यांशी.

त्याचं कारण असं. आमच्याकडं एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की घरात बैठक बसते. बाप म्हणतो डिप्लोमा, आजोबा म्हणतात मिलिटरी, आई म्हणते सायन्स घेऊ दे की. दोन दिवस घोळ चालतो. मग कुणीतरी म्हणतं, “जर्मनीच्या मामाला विचारूया.” व्हॉट्सअॅपवर फोन लागतो. मामा इकडं कामावरून घरी निघालेला, ट्रेनमध्ये उभा. तो म्हणतो, “कॉम्प्युटर सायन्सकडं जाऊ दे, बघू पुढं.” झालं, विषय संपला. तुमच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यावर तिकडं कॉलेजची फी भरली जाते.

कॉम्प्युटरशी माझं वैर नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 पासून बेळगावातच आहे, गोगटे इन्स्टिट्यूट 1979 पासून. ज्याला झेपतं, आवडतं, त्यानं जरूर जावं. पण मी टेबलाच्या अलीकडं बसून कुणाला बघतो? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, बरे मार्क असलेला पोरगा पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन पडतो. पहिले काही महिने वर्गात तोंड उघडत नाही. घरी सांगत नाही. पीयूसीला फिजिक्स राहतं, मग पुरवणी परीक्षा, मग परत एकदा. एकोणीस-वीस वर्षांचा झाला की बाप त्याला माझ्याकडं घेऊन येतो: “साहेब, काहीतरी लावून टाका बघा.” मी विचारतो, तुला काय येतं? पोरगा जमिनीकडं बघतो. हुशार असतो हो. पण दहावीनंतर त्याला कुणी एकदाही काम दाखवलेलं नसतं.

आणि काम कुठं आहे? घराच्या समोर. पिरनवाडीचा पोरगा बसमधून टिळकवाडीला येताना रोज उद्यमबागेवरून जातो. आत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिकचं काम होतं. मच्छे, होनगा इथं कारखाने आहेत. हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग बनतात. निपाणीच्या माणसाला हद्द ओलांडली की कागलची एमआयडीसी. वडगाव, शहापूर, खासबागात माग आहेत. धंदा आता पूर्वीचा राहिला नाही हे खरं, पण माग दुरुस्त करणारा हात अजून लागतो. खानापूरची माती, कौलं, विटा तर तुमच्यापैकी काहींच्या घरावरच असतील. खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्थासुद्धा खानापुरात आहे. खानापूरच्याच किती पोरांना ठाऊक आहे ते विचारून बघा. तिथली पोरं चोर्ला घाटानं गोव्याला जातात, हॉटेलात भांडी उचलायला.

माझ्याकडं कुणी आलं की मी मार्कशीट बाजूला ठेवतो आणि त्याला व्हाइसपाशी, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या शिकंज्यापाशी, नेतो. माइल्ड स्टीलचा एक चौकोनी तुकडा आवळून देतो, हातात कानस देतो. म्हणतो, ही वरची बाजू सपाट कर. एवढंच. दिसायला सोपं आहे. नवशिक्याचा हात पुढं जाताना खाली वाकतो आणि मागं येताना वर उचलतो, त्यामुळं कडा झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडं धरलं की दोन्ही बाजूंनी उजेडाची फट दिसते. मी काही बोलत नाही, त्यालाच धरून बघायला लावतो. काही पोरं म्हणतात, “झालं की वो.” काही हात झटकतात, मोबाइल काढतात. आणि एखादा असा निघतो की त्याला चहा आल्याचं कळत नाही. परत कानस, परत गुण्या, परत उजेडाकडं. त्याच्या बापाला मी तिथंच सांगतो, याला आयटीआयला फिटर किंवा टर्नरला घाला, दोन वर्षांत हा पोरगा तुमच्या हाताशी येईल.

बाकीच्यांना नापास करतो असं नाही. एक पोरगी आली होती, भावाबरोबर, सहज. कानशीला तिचा हात काही खास नव्हता. पण टेबलावर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, होता, तो तिनं उचलला. माप कसं वाचायचं ते एकदा सांगितलं, 0.02 मिलिमीटरचा हिशेब. तिनं तोच तुकडा चारी कोपऱ्यांत मोजला, आकडे लिहून काढले, आणि मला म्हणाली, “सर, ह्या कोपऱ्यात कमी येतंय.” भाऊ अजून घासतच होता. ती आज इन्स्पेक्शनला आहे. आईबापांनी तिच्यासाठी बी.एड. ठरवलं होतं. मुलगी म्हटलं की आमच्याकडं बी.एड., नर्सिंग नाहीतर बँक, चौथं नाव निघत नाही.

हे जे बघणं आहे, ते इथं तुमच्याकडं शाळाच करते. माझी नात इथं नववीत आहे. शाळेनं तिला प्राक्टिकुमला, म्हणजे काही दिवस कामाची जागा बघायला, पाठवलं. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं, लहानपणापासूनचं घोकणं. दवाखान्यात जाऊन बसली, उपकरणं पुसली, पेशंटांची तोंडं बघितली आणि घरी येऊन म्हणाली, आजोबा, हे काही माझं काम नव्हे. किती स्वस्तात सुटली! आमच्याकडं हीच गोष्ट पोराला चार वर्षं आणि बापाला काही लाख घालवल्यावर कळते.

तेव्हा माझं पहिलं मागणं. एसएसएलसीची परीक्षा संपते आणि पुढचे प्रवेश सुरू होतात, यात आमच्या पोरांना मोकळा वेळ असतो. तो लग्नांत आणि क्रिकेटमध्ये जातो. जाऊ दे. त्यातले आठ-दहा दिवस काढून पोराला तीन वेगळ्या जागी नुसतं बघायला पाठवा: एक वर्कशॉप, एक दवाखान्याची लॅब, एखाद्या सीएचं ऑफिस, जे ओळखीत असेल ते. बघायला म्हणजे बघायलाच. चौदाच्या आतल्या पोराला कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे, चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामाला बंदी आहे, आणि ती बरोबर आहे. फाउंड्रीत ओतायचं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. तिथं पोरानं पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभं राहायचं. ओळख तुम्ही काढून द्या. तुमचा वर्गमित्र तिथं कुठल्यातरी कारखान्यात मॅनेजर असतोच.

आता ‘शिकायला ठेवतो’ या प्रकाराबद्दल. माझे धंदेबंधू रागावतील, पण बोलतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, माझ्या नात्यातला एक पोरगा असाच शिकायला राहिला. झाडलोट, लोखंडाचा कीस गोळा करणं, मग ड्रिलिंग, मग लेथ. हात चांगला तयार झाला. वर्षं गेली, आणि दुसरीकडं अर्ज करायची वेळ आली तेव्हा हातात कागद शून्य. रजिस्टरला हेल्पर. दुसऱ्या कारखान्यानंही हेल्परच्याच पगारावर घेतला.

म्हणून भाच्याला हे विचारायला सांगा: माझी अप्रेंटिस म्हणून नोंद होणार काय? 1961 चा अप्रेंटिसशिप कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक आहे, आणि उद्यमबागेतली बरीच शेड याच हिशेबातली, माझीसुद्धा. लहान मालक म्हणतो, कोण त्या पोर्टलवर बसणार! पण करार नोंदवला तर स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार उचलतं. 2019 च्या नियमांत दहावी पासला किमान 6,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये महिना धरले होते. पैसे थोडे आहेत, मान्य. पण मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन पोरगा पुण्याला जातो, बेंगळुरूला जातो, मस्कतला जातो.

आयटीआय म्हटलं की घरात तोंडं पडतात, कारण शिक्षण तिथंच थांबलं असं वाटतं. कर्नाटकात दोन वर्षांचा आयटीआय केलेला पोरगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, आणि डिप्लोमावाला डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे, पण प्रत्येक टप्प्यावर पोराच्या हाताला काम असतं. जीटीटीसीचं, म्हणजे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्राचं, टूल अँड डाय मेकिंग तर मला इंजिनिअरिंगपेक्षा सरस वाटतं: दहावीनंतर तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष कारखान्यात. बेळगावात त्यांचं केंद्र आहे. हे माझं मत, पटलं नाही तर सोडा.

मिलिटरीबद्दल थोडक्यात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, त्यामुळं पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं तुम्हीही बघितलीत, काहीजण पळालाही असाल. 2022 पासून अग्निवीर आहे. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम. म्हणजे बाकीचे बावीस-पंचविशीत सुमारे पावणेबारा लाख घेऊन घरी येणार. पळू दे पोराला, पण आधी एखादा ट्रेड करून पळू दे.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चात चाललेला माणूस आहे, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळलेला. 2004 पासून सीमावादाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत आमचा दहावीचा पोरगा थांबणार नाही. त्याला दोन्ही राज्यांत हात घालता आला पाहिजे. महाराष्ट्रात, त्यानं हक्क सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी, अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वेगळी सोय आहे. त्याला शाळा सीमावादित भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तिथल्या सरकारी नोकरीलाही पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. हे दाखले फॉर्मची शेवटची तारीख आली की शोधायचे नसतात. दहावीतच काढून ठेवायचे.

आणि दुसऱ्या बाजूला, कानडी शिकायची. बोलायलाच नव्हे, लिहायला. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कानडीची परीक्षा द्यावीच लागते, आणि शॉप फ्लोअरवर सुपरवायझर व्हायचं तर धारवाड-गदगकडच्या कामगाराशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं. इथं बसलेल्यांपैकी कितीजण जर्मन शिकलात? पोटासाठी शिकलात, आणि त्यानं मराठी गेली नाही. आज इथं सगळे मराठीतच भांडूलालेत की. तोच न्याय पोराला लावा.

शेवटचं, जर्मनीला आणायचं म्हणता त्याबद्दल. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला, तेव्हापासून आमच्याकडंही आउसबिल्डुंगची, म्हणजे कंपनीत काम करत शिकायच्या जर्मन प्रशिक्षणाची, चौकशी वाढलीय. चांगलं आहे. पण एजंट पैसे मागतो आणि बाप जमीन गहाण टाकायला निघतो. खऱ्या आउसबिल्डुंगमध्ये कंपनी पोराला पैसे देते, 2025 ला पहिल्या वर्षी किमान 682 युरो. ते या गावात खोलीच्या भाड्यात जातात हे तुम्हीच सांगू शकता, एजंट सांगणार नाही. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत हवी, ती बेळगावात बसून कशी होणार हे आधी बघा. कंत्राट जर्मनमध्ये असतं. ते मागवून घ्या, वाचा, कंपनी खरोखर आहे काय ते बघा, तिथल्या उद्योग किंवा कारागिरांच्या चेंबरकडं नोंद आहे काय विचारा. तुमच्यासाठी हे एका संध्याकाळचं काम आहे, आणि तिकडं ते दुसऱ्या कुणाला जमणारं नाही.

कुणाचा भाचा, पुतणी यंदा दहावीला असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. माझा नंबर देतो. फक्त फोन त्या पोरानं करायचा, बापानं नको. आणि मामानं तर नकोच नको.