घरच्या शेडमधली स्पोर्ट्‌स कार: इंजिनाच्या आधी दरवाजे

श्रोतेहो, इंदूरमध्ये मोटारींवर बोलायचे म्हणजे महाराज यशवंतराव होळकरांचे नाव आधी घ्यावे लागते. 1930च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून स्पीडस्टर धाटणीची बॉडी बांधून घेतली. मनाजोगी गाडी घडवून घेण्याची हौस या शहराला नवी नाही. आपल्यापाशी मात्र घरामागची शेड, रविवारची सुट्टी आणि सांवेर रोडवरचा एखादा ओळखीचा लेथवाला, एवढेच भांडवल असते. तेवढ्यावर जुनी स्पोर्ट्‌स कार कुठवर उभी करता येते, हे मी एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीए या एकाच गाडीच्या आधाराने सांगणार आहे.

ही उघडी, दोन आसनी गाडी 1955 ते 1962 या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिच्या दाराला बाहेरून मूठच नाही. हात आत घालून दोरी ओढली की दार उघडते. लोकांना धास्ती असते ती इंजिनाची, आणि माझ्या मते ती अनाठायी आहे. सुरुवातीच्या एमजीएमधले 1489 सीसीचे इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिज घराण्यातले, आणि त्याच घराण्यातले, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन आपल्या ॲम्बेसेडरने वर्षानुवर्षे वाहिले. ज्या मिस्त्रीने ॲम्बेसेडरचे हेड अनेकदा उतरवले आहे, तो या बॉनेटखाली गोंधळत नाही. अर्थात दोन्ही इंजिने तंतोतंत सारखी नाहीत. एमजीएला पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे दोन एसयू कार्बुरेटर आहेत आणि तिची जडणघडण अधिक ताकदीसाठी केलेली आहे. म्हणून जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून काहीही आणताना मूळ भाग सोबत न्यावा आणि मापून घ्यावा.

खरी कसोटी बॉडीची असते. गंज धरतो तो सिलमध्ये, म्हणजे दरवाज्याखालून जाणाऱ्या पोकळ पट्टीत, आणि पुढच्या मडगार्डामागच्या पत्र्यात, जेथे चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षे साचून राहतो. वरचा रंग चकचकीत असतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की तो आरपार जातो. अशा वेळी डेंटिंगवाला उत्साहाने सांगतो की बॉडी चासीवरून उतरवू, सगळा सडका पत्रा एकदम कापू आणि नवा जोडू. त्याला हात जोडून थांबवावे. बॉडी चासीवर बोल्टने घट्ट कसलेली आणि दोन्ही दरवाजे बिजागऱ्यांवर टांगलेले असतानाच सिल बदलली पाहिजे, तीही एका वेळी एकाच बाजूची. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाके मारून बसवावी आणि दाराभोवतीची फट ठिकठिकाणी मापून वहीत लिहून ठेवावी. नवी सिल आधी क्लॅम्पने धरावी, दार लावून पाहावे, मग थोडे थोडे अंतर सोडून वेल्डिंगचे छोटे टाके मारावेत, पत्रा निवू द्यावा आणि दार पुन्हा लावून पाहावे; कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला गेला, तर वर चार मिलिमीटर आणि खाली आठ अशी फट होते. ही चूक पुट्टीने झाकता येते, सुधारता येत नाही. शिवाय दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. तो पोलादाला जेथे भिडतो तेथे ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजू लागते, म्हणून जोड बंद करण्यापूर्वी दोन्ही धातूंच्या मध्ये प्रायमरचा थर असलाच पाहिजे.

पायाखालचा तळ प्लायवुडचा आहे, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. जुनी फळी कितीही कुजलेली असली, तरी तिच्यावरून नव्या मरीन प्लायवर आकार आखून घेतल्याशिवाय ती टाकू नये.

आता मनाजोगत्या बदलांविषयी. माझी कसोटी एकच आहे: पुढच्या मालकाला तो बदल पान्याने काढता यावा. मूळ गाडीत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि त्यांचे धन टोक चासीला जाते. बॅटरी चार्ज करणारे आजचे अल्टरनेटर ऋण टोक चासीला मागतात. ते बदलता येते, कॉइलच्या तारांची अदलाबदल करता येते आणि सगळे पूर्ववतही करता येते. फक्त बॉनेटखाली ठळक चिठ्ठी लावावी, म्हणजे अनोळखी मिस्त्री बॅटरी उलटी जोडणार नाही. याउलट पाच गिअरचा खोका बसवण्यासाठी चासी कापणे मला मान्य नाही आणि कायद्यालाही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरफारांना आळा घालते. 2021च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते आणि तिची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते; रात्री सराफ्यात खायला ती काढता येणार नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला मात्र नेता येते.

त्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खाते आणि हवेतली ओल शोषून टाकी आतून गंजवते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर टाकी आधीच रिकामी करावी. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. त्यासाठी दोन्ही एसयू कार्बुरेटरांच्या तळाशी असलेला जेटचा षटकोनी नट सारखाच, एका वेळी एकच पैलू, खाली फिरवावा आणि प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज ऐकून मगच पुढचा पैलू फिरवावा.