आपलं ‘गेलो होतो’ आणि त्यांचं ‘हॅड गॉन’

मंडळी, विषय इंग्रजीतल्या काळांचा असला तरी सुरुवात एका मराठी वाक्याने करू. ‘बाबा आले की विचारते.’ घरातली मुलगी आईला असं सांगते तेव्हा बाबा आलेले नसतात आणि तिने काही विचारलेलंही नसतं. दोन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत. तरी ‘आले’ हे रूप भूतकाळाचं आणि ‘विचारते’ वर्तमानकाळाचं. आईला त्यात काही खटकत नाही. जेवायला हाक आली की जागेवरून न हलता आपण ‘आलोच’ म्हणतो, तिथेही तेच. क्रियापदाचं रूप एक आणि घड्याळातली वेळ दुसरी, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बिनबोभाट सांभाळत आलोय. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मात्र हे शहाणपण बाजूला राहतं. पास्ट म्हणजे होऊन गेलेलं, प्रेझेंट म्हणजे चाललेलं, फ्यूचर म्हणजे होणारं, असा सरळ हिशेब आपण धरतो आणि तिथे फसतो.

यात फळ्यावरच्या तक्त्याचा वाटा मोठा आहे. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा घरं. मुलं सूत्रं पाठ करतात आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरतात. तक्ता रूप कसं बनतं ते चोख सांगतो, पण ते कधी वापरायचं याबद्दल गप्प राहतो. शिवाय सगळी घरं सारख्याच मापाची दिसतात. इंग्रज माणसाचं रोजचं बोलणं तपासलं तर बहुतेक वाक्यं साधा वर्तमान आणि साधा भूत या दोनच घरांत बसतील. आपण मात्र बाराही घरांना सारखेच तास देतो.

म्हणून आज मी बारा घरांची यात्रा करणार नाही. मराठी बोलणारा माणूस जिथे हमखास अडखळतो, त्या जागा पाहू. माझं म्हणणं असं की या चुका अडाणीपणाच्या नाहीत. त्यांच्यामागे मराठीचा नियम असतो, आणि तो आपण अगदी इमानाने पाळत असतो.

पहिली जागा सगळ्यात रंजक आहे. सोमवारी ऑफिसात कुणी विचारतं, काल कुठे होतास? आपण सांगतो, ‘आय हॅड गॉन टु पुणे.’ मराठीत ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘तो पुण्याला गेला’ म्हटलं तर तो अजून तिथेच असेल असं वाटू शकतं. ‘गेला होता’ म्हटलं की तो परत आला, ते प्रकरण मिटलं, एवढं सगळं त्या ‘होता’मध्ये येतं. इंग्रजीतला ‘हॅड’ हे काम करत नाही. ‘आय हॅड गॉन टु पुणे’ ऐकून इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. गेला होतास, बरं, मग काय झालं?

तो वाट का पाहतो, हे हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने दाखवलेल्या मांडणीतून छान कळतं. हिटलर सत्तेवर आल्यावर हा माणूस जर्मनी सोडून आधी इस्तंबूलला आणि पुढे लॉस एंजेलिसला गेला. तर्कशास्त्रावरच्या १९४७ सालच्या पुस्तकात त्याने क्रियापदाच्या काळासाठी दोन नव्हे, तीन बिंदू मांडले: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ, आणि बोलणारा जिथे उभा राहून घटनेकडे पाहतो ती वेळ. हा तिसरा बिंदू आपल्या तक्त्यात कुठेच नसतो. ‘व्हेन द गेस्ट्स अराइव्ह्ड, आय हॅड ईटन.’ मी बोलतोय आज. पाहुणे आले तो क्षण भूतकाळातला, आणि मी तिथे जाऊन उभा आहे. जेवण त्याच्याही आधीचं. ‘हॅड’ला असा मधला खुंटा लागतो. तो नसेल तर साधं ‘आय वेंट टु पुणे’ म्हणायचं. मराठीतही ‘पाहुणे आले तेव्हा मी जेवलो होतो’ असं म्हणतातच. म्हणजे आपला ‘होतो’ दोन कामं करतो आणि ‘हॅड’ त्यातलं एकच. नेमकं दुसरं काम त्याच्यावर लादलं की गडबड होते.

आता ‘हॅव’ आणि ‘हॅज’. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँगने चंद्रावरून ह्यूस्टनला कळवलं, ‘द ईगल हॅज लँडेड.’ उतरण्याची क्रिया तर संपली होती. मग ‘लँडेड’ का नाही? कारण ह्यूस्टनच्या लोकांना इतिहास ऐकायचा नव्हता, त्या घटकेची स्थिती हवी होती: यान उतरलंय, आता ते चंद्रावर आहे. क्रिया मागची, पण बोलणारा आजमध्ये उभा. तीच घटना इतिहासाच्या पुस्तकात आली की ‘द ईगल लँडेड ऑन द मून इन १९६९’ असं होतं, कारण आता लिहिणारा त्या वर्षाकडे तोंड करून उभा आहे. वर्ष, तारीख, ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’ असा गेलेल्या वेळेचा शब्द आला की तोंड मागे वळलं, आणि तिथे ‘हॅव’ला प्रवेश नाही. मराठीत अशी बंदी नाही. ‘मी त्याला काल पाहिलंय’ आपण बेधडक म्हणतो, म्हणूनच आपलं ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ तयार होतं. (अमेरिकन माणसं ‘डिड यू ईट यट?’ असंही विचारतात. ब्रिटिश शिक्षकाला ते रुचणार नाही, पण आपण त्या भांडणात पडायचं कारण नाही.)

‘हॅव’ची उलटी अडचणही आहे. ‘मी दहा वर्षं इथे राहतोय.’ मराठी इथे फक्त आजकडे पाहते: अजून राहतोय ना, मग वर्तमानकाळ. इंग्रजी मागचं टोकही धरून ठेवते, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’. आपण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो, त्यातल्या ‘सिन्स’चं कूळ आपल्या ‘पासून’मध्ये आहे. दहा वर्षांपासून आणि २०१५ पासून, दोन्हींना आपलं एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत लांबी सांगायची तर ‘फॉर’ आणि सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’.

‘आय डिड नॉट वेंट’बद्दल थोडक्यात. यावरून मुलांना फार हसलं जातं. पण ‘मी गेलो नाही’मध्ये ‘गेलो’ भूतकाळातच राहतं की नाही? मुलगा तेच करतोय. त्याला एवढंच सांगावं की इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच लावतात आणि ती पहिल्या क्रियापदावर लागते. ‘डिड’ने ती उचलली की ‘गो’ मोकळं झालं. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’चंही असंच. बहिणी असणं ही स्थिती आहे, चाललेलं काम नव्हे, म्हणून ‘आय हॅव’. जेवण चाललेलं असतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर.

भविष्यकाळ बराचसा सोडून देतो, कारण खरं सांगायचं तर इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. ‘गो’चं ‘वेंट’ होतं, पण उद्यासाठी त्या शब्दात काही बदलत नाही. शेजारी ‘विल’ आणून उभा करतात, आणि तो ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’च्या जातीचा शब्द आहे. त्यामुळे कितीतरी व्याकरणकार इंग्रजीत दोनच काळ मानतात. उद्याचं बोलायला इंग्रजीत बऱ्याच वाटा आहेत. वेळापत्रक असेल तर साधा वर्तमान: ‘द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन.’ ठरवून ठेवलेलं काम असेल तर ‘आय ॲम मीटिंग द डॉक्टर टुमॉरो.’ पातेलं ओट्याच्या कडेला आलेलं दिसतंय, तर ‘इट इज गोइंग टु फॉल.’ फोन वाजला आणि त्या क्षणी आपण उठलो, तर ‘आय विल गेट इट.’ आपण सगळीकडे ‘विल’ ठोकतो, अगदी ‘व्हेन ही विल कम’सुद्धा. तिथे ‘व्हेन ही कम्स’ हवं. ज्याला ‘बाबा आले की’ जमतं, त्याला हे जड जाऊ नये.

आता माझ्या आवडीचा भाग. इंग्रजीतला भूतकाळ दर वेळी वेळेबद्दल बोलत नाही, कधी तो नुसतं अंतर ठेवतो. ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’ म्हणणाऱ्याला कालच्यासारखंच आजही विचारायचं असतं. ‘वॉन्ट’ म्हटलं तर समोरच्याच्या अंगावर गेल्यासारखं होतं, ‘वॉन्टेड’ एक पाऊल मागे सरकून बोलतं. आपण काय करतो? साहेबांच्या दारात उभं राहून म्हणतो, ‘एक विचारायचं होतं.’ शेजारी येतात, ‘जरा काम होतं तुमच्याकडे.’ काम आत्ता आहे, पण अदबीसाठी ते मागे ढकललेलं. ‘इफ आय वेअर यू’मध्येही हाच भूतकाळ आहे, पण तिथे अंतर वास्तवापासूनचं: मी तू नाही, होणारही नाही. आपण म्हणतो, ‘मी तुझ्या जागी असतो तर.’ पास्ट टेन्सचा धडा मी एखाद्या वर्गात ‘काम होतं’पासूनच सुरू करीन. मुलं हसतील, आणि ‘कुड यू’, ‘वुड यू’ त्यांना फारसं समजावून द्यावं लागणार नाही.

एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘परीक्षेत बाराही काळ विचारतात, मग आम्ही शिकवायचे नाहीत का?’ बाई, शिकवा. गुण बुडवून तत्त्व पाळा असं मी म्हणणार नाही. फक्त क्रम बदलून पाहा. दोन साधे काळ आधी, आणि तेही गोष्टी सांगत, पत्रं लिहीत, भरपूर. मग ‘ॲम गोइंग’, मग ‘हॅव’. ‘हॅड’ गोष्टीच्या तासाला आणा, कारण गोष्ट सांगताना मागे वळावंच लागतं. ‘आय विल हॅव बीन टीचिंग’ हे घर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडलं तरी चालेल. व्याकरणाच्या तासाबाहेर मला ते वापरावं लागल्याचं आठवत नाही.