किंग यांचा अर्धाच वारसा

श्रोतेहो, मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आज अमेरिकेतले दोन्ही पक्ष घेतात. मात्र दोघेही सोयीचा तेवढाच भाग उचलतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी सांगितलेले स्वप्न आपल्याला ठाऊक आहे: आपल्या चार मुलांची पारख कातडीच्या रंगावरून नव्हे, तर चारित्र्यावरून व्हावी. रिपब्लिकन पक्षातील अनेक नेते याच वाक्याच्या आधारे असे मांडतात की, वंश पाहून कोणालाही झुकते माप देणे किंग यांनाच मान्य नव्हते. परंतु त्याच भाषणात त्याआधी किंग म्हणाले होते की, अमेरिकेने कृष्णवर्णीयांना दिलेला धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याचा शेरा मारून परत आला आहे. थकलेले देणे मागणारा माणूस मागचा हिशेब विसरा असे कसे म्हणेल?

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. १९५९ मध्ये किंग भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. पंडित नेहरूंनी त्यांना अस्पृश्यांसाठीच्या सवलतींविषयी सांगितले, तेव्हा किंग यांच्यासोबतचे इतिहासकार लॉरेन्स रेडिक यांनी विचारले की, हाही भेदभावच नाही का? असेलही, पण शतकानुशतके केलेल्या अन्यायाचे हे आमचे प्रायश्चित्त आहे, अशा आशयाचे उत्तर नेहरूंनी दिले. १९६४ च्या आपल्या पुस्तकात किंग यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला आणि अमेरिकेनेही भरपाईचा असाच विचार करावा, अशी मागणी केली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा त्या निर्णयाच्या समर्थनार्थ किंग यांचे नाव पुढे करणाऱ्यांनी हे पान वाचायला हवे होते.

मताधिकाराची गोष्ट अधिक वेदनादायक आहे. अलाबामा राज्यातील सेल्मा गावच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांचे रक्त सांडल्यावर १९६५ चा मताधिकार कायदा झाला. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना व परगण्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे भाग पडले. २००६ मध्ये सिनेटने तो ९८ विरुद्ध शून्य मतांनी पुढे चालू ठेवला, आणि त्यावर सही रिपब्लिकन अध्यक्षांची होती. २०१३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने, संमती कोणाला लागेल हे ठरवणारे सूत्रच रद्द केले. त्याच दिवशी टेक्सासने, संमतीअभावी अडलेला मतदारांच्या ओळखपत्राचा आपला कायदा लागू करण्याची घोषणा केली. एकेकाळी सर्वसंमत असलेला हा प्रश्न आज निव्वळ पक्षीय झाला आहे.

डेमोक्रॅट पक्षालाही इथे अंग काढून घेता येणार नाही. किंग यांचे फोन चोरून ऐकण्याची परवानगी १९६३ मध्ये डेमोक्रॅट सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी दिली होती. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाला किंग यांनी उघड विरोध केला, तेव्हा डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन त्यांच्यापासून दुरावले. मतांसाठी वंशाची भाषा बोलणारा हा पक्ष किंग यांचा आर्थिक कार्यक्रम मात्र क्वचितच पुढे आणतो. १९६८ मध्ये ते मेम्फिसला गेले ते सफाई कामगारांच्या संपासाठी. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन कामगार मेल्यानंतर तो संप पेटला होता. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली आणि १६ एप्रिलला नगरपालिकेने संघटनेला मान्यता व वेतनवाढ देऊन तडजोड केली.